अनुदान आणि मानधन

ग्रामीण आरोग्यसंस्थांनी अनुदान मागू नये, असे मी म्हणणार नाही. प्रश्न अटींचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेने आपल्या देणगीतून छोट्या संस्थेस वाटा देणे त्यामुळे बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. हिशेबनीस ठेवावयास पैसा नाही, आणि हिशेब नाही म्हणून अनुदान नाही! २०१३ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के आहेत. पण देणाऱ्यास रुग्णवाहिका रुचते (तिच्यावर नाव रंगविता येते), आरोग्यसेविकेचे मानधन नव्हे. तालुक्यातील चार-पाच संस्थांनी मिळून एक हिशेबनीस नेमावा, आणि अर्जात मानधनाचा आकडा प्रथम लिहावा. तो खोडला गेलाच, तर कारण लेखी मागावे.