टॅब फुकट मिळाला, पण पलीकडून कोण बघायलंय?

आजचा विषय शाळेतला मोबाईल आणि टॅब. घाबरू नका, ‘मोबाईलमुळं पिढी बिघडली’ हे भाषण मी देणार नाही. ते घरी रोज होतंच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, १८ वर्षांखालच्या लेकरांना मोबाईल नाही. सगळीकडं बातम्या झाल्या. लेकरं मोबाईलवर काय बघतात, ही गावाची काळजी. मला उलटा प्रश्न पडतो. मोबाईल लेकरांचं काय काय बघतो?

दीक्षा ॲप आठवतंय? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तिथं जायचो. केंद्र सरकारचं ॲप, २०१७ पासूनचं. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेनं मे २०२२ मध्ये ४९ देशांतल्या शिक्षणाच्या ॲपचा अहवाल काढला. दीक्षात मुलांचं नेमकं लोकेशन घेण्याची सोय सापडली. मग जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ मासिकानं बातमी दिली की दीक्षाचा क्लाउडवरचा डेटा उघडाच राहिला होता. १० लाखांहून जास्त शिक्षक आणि जवळपास ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती! इथं कुणी हॅकिंग केलंच नाही. दाराला कुलूपच नव्हतं.

आता टॅब. आपल्याकडं नीट, जेईई, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना महाज्योतीकडून टॅब आणि रोजचा डेटा मिळतो. योजना चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण संस्थेनं दिलेला कुठलाही टॅब ‘मॅनेज्ड’ असू शकतो. म्हणजे कुठलं ॲप चालेल, टॅब कधी पुसून टाकायचा, हे लांबून ठरतं. काही वेळा लोकेशन आणि नेटच्या वापराची नोंदही जाते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात २०१० मध्ये हेच प्रकरण गाजलं. चोरीचे लॅपटॉप शोधायला म्हणून शाळेनं लांबून कॅमेरा चालू करायची सोय ठेवली होती. त्यातून घरात बसलेल्या पोरांचे फोटो निघाले, तेही हजारो. शाळेला ६ लाख १० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

‘आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?’ असं कुणी म्हणेल. लातूरला खोली करून राहणाऱ्या मुलीचा विचार करा. तिचा नंबर यादीतून फुटला, रात्री-बेरात्री फोन यायला लागले, तर घरचे पहिल्यांदा काय करतील? फोन काढून घेतील. कदाचित ‘बस्स झालं शिक्षण, गावाकडं ये’ म्हणतील. चूक यादी फोडणाऱ्याची आणि शिक्षा तिला.

कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी वेगळं कलम ९ आहे. त्यात पालकांची संमती हवी, मुलांवर पाळत नको, त्यांना हेरून जाहिराती नकोत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय शाळा-कॉलेजला शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती पाळतीची सूट आहे. ही ‘पुरती’ कुठं संपते, ते आपणच विचारायला पाहिजे.

तोवर चार कामं करा. एक, टॅबच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज्ड’ किंवा ‘तुमच्या संस्थेच्या मालकीचं’ असं काही लिहिलंय का बघा. असेल तर सरांना सरळ विचारा, काय दिसतं, कुणाला दिसतं आणि कोर्स संपल्यावर काय होतं. दोन, अभ्यासाच्या ॲपला लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी गरजेपुरतीच द्या. तीन, नेट कॅफेत महाडीबीटीचा फॉर्म भरला की आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला डाउनलोडमधून पुसा आणि लॉगआउट करूनच उठा. चार, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार-बँक खात्यांची यादी आली, तर ‘सर, ही काढून टाकता का?’ एवढं नम्रपणे लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. तुमचे आई-बाबा त्यात असतील तर हा विषय बैठकीत मांडायला सांगा.

विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. टॅब त्यांनी दिला असेल, माहिती मात्र तुमची आहे.

तुमच्या शाळेत काय चालतं, व्हॉइस नोट पाठवून सांगा. शाळेचं नाव नको. भेटू पुढच्या भागात!