रात्रीचा जागर, दिवसाची झोप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक भाषण)



ह्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान वैद्य आणि डॉक्टर बोलून गेले. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयात गेली १८ वर्षे परिचारिका म्हणून सेवा करीत आहे आणि त्यांतील बहुतेक वर्षे रात्रपाळीची आहेत. तीन वर्षांपूर्वी वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्यापासून चहा व कॉफी ही दोन्ही माझ्या रात्रींतून वजा झाली. चहावाचून रात्रभर सावध कसे राहावे, हे मला अनुभवाने शिकावे लागले. म्हणूनच हा विषय मंडळाने माझ्याकडे सोपविला असावा. ह्या लोभाबद्दल मी मंडळाची आभारी आहे.

विषय एखाद्या व्यक्तीच्या पथ्यापाण्याचा वाटेल. पण तो तेवढाच नाही. आपल्या ज्ञातीतील किती घरांतून दिवेलागणीनंतर माणूस कामाला बाहेर पडते, ह्याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा. कोणी रेल्वेत आहे, कोणी पोलिसांत, कोणी औषधांच्या कारखान्यात. हिंजवडीला बसून अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करणारी मुलेमुलीही आपल्यांत आहेत. आणि ह्याच घरांत स्थूलता व मधुमेह ह्यांनीही ठाण मांडले आहे. वजनाच्या शस्त्रक्रियेचे नाव पूर्वी वर्तमानपत्रातच वाचावयास मिळे. आता ते आपल्या बैठकीत ऐकू येते, मात्र कुजबुजीच्या स्वरात. कुजबुजण्यासारखे त्यात काहीही नाही, हे मला प्रथम सांगावयाचे आहे.

ह्या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. ह्या दुसऱ्या प्रकाराचा उगम अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनी १९६६ साली सुरू केलेल्या कामात आहे. दोन्हींत परिणाम एकच, की पोटातील जागा अतिशय मोलाची होते. त्या जागेत प्रथम पाणी व प्रथिने गेली पाहिजेत.

म्हणूनच अनेक शल्यचिकित्सक निदान पहिले काही आठवडे तरी चहा-कॉफी वर्ज्य करावयास सांगतात. ताज्या जखमेला ती मानवत नाही, कित्येकांची आम्लता वाढते, आणि चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते. शस्त्रक्रियेनंतर लोहाचे शोषण आधीच कमी झालेले असते. वर्ज्य किती काळ पाळावयाचे, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावयाचे. कोणाला पुढे अर्धा कप मिळतो, कोणाला तोही मिळत नाही. मला आम्लतेमुळे मिळाला नाही. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी दोनतीन आठवडे आधीपासून चहा थोडा थोडा कमी करावा. एकदम तोडल्यास काही दिवस डोके दुखते, आणि त्या दुखण्यावर मनाने गोळी घेणे धोक्याचे असते. नेहमीच्या कित्येक वेदनाशामक गोळ्या ह्या नव्या जठराला व्रण पाडू शकतात. काहींत तर कॅफीनच असते.

आता चहा नेमके काय करतो, ते पाहू. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते जितके साचेल तितकी झोप अनावर होते. कॅफीन मेंदूत त्या द्रव्याची जागा अडवून बसते. सावकार दाराशी आला असता “मालक घरी नाहीत” असे सांगणाऱ्या गड्यासारखे त्याचे काम आहे. सावकार तेवढ्यापुरता परततो. कर्ज मात्र फिटत नाही. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जावयास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. पहाटे चार वाजता घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन सकाळी नऊला, म्हणजे रात्रपाळीचे माणूस अंथरुणाला पाठ टेकते त्या वेळी, रक्तात शिल्लक असते. रात्रीची तरतरी दिवसाच्या झोपेतून उसनी घेतलेली असते. चहा सुटल्यावर माझी दिवसाची झोप पूर्वीपेक्षा गाढ झाली, त्याचे कारण हेच असावे.

दुसरी अडचण शरीरातील घड्याळाची. हे घड्याळ पेशींत कसे चालते, ह्याच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान उतरलेले असते आणि लक्ष सर्वांत दुबळे होते. आमच्या कक्षात त्याच सुमारास औषधांची पाळी येते. माझ्या हातातील मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकले, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराला द्यावी लागेल. जागे राहण्याचा प्रश्न हा असा परक्याच्या प्राणाशी बांधलेला आहे. गाडी हाकणाऱ्याचे, यंत्रावर उभे राहणाऱ्याचे तसेच आहे.

मग उपाय काय? आपल्या पूर्वजांना जागरण ठाऊक नव्हते असे नाही. कोजागरी, देवीचा गोंधळ, एकादशीचे भजन, मचाणावर बसून पिकाची राखण, ह्या सर्वांत रात्री जागून काढाव्या लागत. त्या जागरांना दिवटीचा उजेड होता, उभे राहणे व नाचणे होते, चार माणसांची सोबत होती. आजचे शास्त्रही उजेड, हालचाल आणि सोबत ह्यांवरच भर देते. म्हणून पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेडात काम करावे. दर तासाला पाच मिनिटे चालून यावे. एकट्याने बसून करावयाचे कंटाळवाणे काम पहाटेवर टाकू नये. नाजूक काम शक्यतो तीनच्या आत उरकावे. जे टळत नाही ते दोघांनी मोठ्याने वाचून पडताळावे. आम्ही दोघी परिचारिका पहाटेची प्रत्येक मात्रा अशीच पडताळतो.

तिसरा उपाय डुलकीचा. कामावर निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास झोप घेतल्यास रात्र बरीच हलकी जाते. मुभा असेल तेथे मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांची डुलकीही उपयोगी पडते. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर प्रयोग करून १९९४ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना पाळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली असता ते सरासरी २६ मिनिटे झोपले, आणि त्यानंतर त्यांची सावधता विश्रांती न मिळालेल्यांहून अधिक आढळली. मात्र डुलकीतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे जडपणा असतो. तेवढ्यात जोखमीचे काम हाती घेऊ नये.

शस्त्रक्रिया झालेल्यांना आणखी काही पथ्ये आहेत. पाणी एका दमात पिता येत नाही. घोट घोट करून दिवसरात्रीत दीड ते दोन लिटर पोटात जावे, पण जेवणाबरोबर नव्हे, जेवणानंतर अर्ध्या तासाने. पाणी कमी पडले की थकवा व डोकेदुखी येते आणि आपण तिलाच झोप समजतो. म्हणून पेंग आली की मी प्रथम दोन घोट पाणी घेते. मुख्य जेवण निघण्यापूर्वी करावे. रात्रीच्या डब्यात दही, पनीर, उकडलेले अंडे किंवा मुगाचे लहानसे धिरडे असावे. प्रथिनांचा दिवसाचा हिशेब साधारणतः ६० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. साखरेने तरतरी येईल ही आशा सोडावी. ह्या पोटात गोड पदार्थ वेगाने पुढे सरकतो. विशेषतः बायपासनंतर एकदोन तासांनी रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम व चक्कर येऊ शकते. बाजारात मिळणारी तरतरीची पेये तर कॅफीन, साखर व वायू ह्यांचे मिश्रणच असतात. ती दूरच बरी.

पुरेशी झोप घेऊनही ग्लानी जात नसेल, तर चहाची आठवण काढू नये, रक्ताची तपासणी करावी. लोह व जीवनसत्त्व ब-१२ ह्यांची उणीव अशीच दबक्या पावलांनी येते. म्हणून सांगितलेल्या गोळ्या जन्मभर घ्याव्यात. झोपेत श्वास अडण्याचा विकार ज्यांना आहे व जे यंत्र लावून झोपतात, त्यांनी ते दिवसाच्या झोपेतही लावावे आणि वजन उतरले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. सकाळी घरी परतताना स्वतः दुचाकी चालविण्यापेक्षा रेल्वे किंवा बस पत्करावी.

हे सर्व मी सांगितले खरे. परंतु त्याचा पाया एकच आहे, आणि तो त्या माणसाच्या हाती नाही. पूर्वजांचा जागर वर्षातून एकदोनदा असे आणि दुसऱ्या दिवशी घर त्यांना झोपू देई. रात्रपाळीच्या माणसाचा जागर महिनोन्‌महिने चालतो आणि दिवसा त्याला झोपू देणारे घर विरळा. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, दूरध्वनी आणि “अजून झोपलाच आहे का?” हा प्रश्न, ह्यांतून त्याची झोप तुकड्यातुकड्यांनी जाते. त्यातही मुलगा रात्रपाळी करून आला तर दार लोटून घेतले जाते. सून रात्रपाळी करून आली तर तिने आधी स्वयंपाक आटोपून मग निजावे, अशी अपेक्षा असते. हा भेद आपण स्पष्टपणे ओळखला पाहिजे. ह्या बाबतीत मी भाग्यवान आहे. माझ्या सासूबाईंनी दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली, “दुपारी तीनपर्यंत घंटा वाजवू नये.” घरात कोणी आजारी आहे काय, असे शेजारणींनी विचारले. त्या म्हणाल्या, “आजारी नाही, रात्रभर कामावर होती.” त्या पाटीने मला जितके जागे ठेवले, तितके कोणत्याही पेयाने ठेवले नसते.

अखेरीस मंडळापुढे तीन विनंत्या नम्रपणे ठेवते. पहिली, कोणी चहा किंवा पेढा नाकारला तर तो घराचा अपमान समजू नये आणि कारणही विचारू नये. घोटभर पाणी पुढे करावे, पाहुणचार पूर्ण होतो. दुसरी, वधूवर मेळाव्यांत रात्रपाळीच्या मुलींना “रात्रीची नोकरी सोडणार का?” असे विचारण्याआधी “दिवसा झोपू देणार का?” हे वरपक्षाला विचारले जावे. तिसरी, आपल्या वसतिगृहातील एक खोली जाड पडदे लावून रात्री काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखावी. खर्च पडद्यांपुरताच आहे.

झोपलेल्याला उठविणे हे पुण्यकर्म मानण्याची आपल्याकडे रीत आहे. रात्री आपल्यासाठी जे जागतात, त्यांना दिवसा झोपू देणे हेही तितकेच पुण्यकर्म आहे, एवढे आपल्या मनात ठसले तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.