संगणकाचें शुद्धिपत्र

श्रोतेहो, छापून बांधून तयार झालेल्या ग्रंथांत एखादी चूक आढळली, तर प्रकाशक सर्व प्रती जाळून टाकीत नाहीं. तो एक लहानसें शुद्धिपत्र छापून पहिल्या पानाच्या आधीं चिकटवितो. जागा हीच कां? कारण चुकीचा पाठ घोकून झाल्यावर दुरुस्ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांतून ती चूक सहसा जात नाहीं. आपल्या घरांतील संगणकालाहि असें शुद्धिपत्र असतें, आणि तें केव्हां वाचलें जातें यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

संगणकाचें सर्व गणित ज्या सिलिकॉनच्या चिपेवर चालतें, तिला प्रोसेसर म्हणतात. गुंतागुंतीची आज्ञा आली म्हणजे तिची फोड करून, चिपेच्या कोणत्या भागानें कोणत्या क्रमानें काय करावें, हें सांगणारी सूक्ष्म टिपणांची वहीच जणूं तिच्या पोटांत असते. या वहीला मायक्रोकोड असें नांव आहे. ही कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं १९५१ सालीं मांडली.

चिपेंत राहून गेलेली चूक किती महाग पडते, याचा दाखला १९९४ सालीं मिळाला. थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांना इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार क्वचित् चुकतो असें आढळलें. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागलें असतां १.३३३८२ यावयाचे, तेथें पेंटियम १.३३३७४ असें उत्तर देई. मागणाऱ्यास चिप बदलून देण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि त्यापायीं कंपनीला ४७ कोटि ५० लक्ष डॉलर बाजूस काढावे लागले. पुढच्याच वर्षीं आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरांत मायक्रोकोडला बाहेरून दुरुस्तीचें ठिगळ लावण्याची सोय होती.

या ठिगळाचे दोन गुण ध्यानांत ठेवावे. पहिला असा कीं, त्यावर कंपनीची गुप्त मुद्रा असते. ती पारखून घेतल्यावांचून आजचा प्रोसेसर तें स्वीकारीत नाहीं. दुसरा असा कीं, वीज बंद होतांच तें नाहींसें होतें. सबब संगणक सुरू होईल त्या प्रत्येक वेळीं तें नव्यानें लावावें लागतें. हें काम प्रथम बायोस नांवाची मूळ आज्ञावली करते. तिच्याजवळची प्रत जुनी असेल, तर विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली आपल्याजवळची नवी प्रत लावते.

आतां प्रश्न वेळेचा. लिनक्समध्यें पूर्वीं हें ठिगळ अनेक कार्यक्रम चालूं झाल्यावर लावलें जाई. २०१३ सालच्या ३.९ या आवृत्तीपासून, कार्यप्रणालीचा गाभा जागा होतांच, इतर कोणताहि कार्यक्रम उठण्यापूर्वीं तें लावण्याची व्यवस्था झाली. तिचें महत्त्व पुढच्याच वर्षीं पटलें. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांतील टीएसएक्स नांवाची एक सोय सदोष असल्याचें २०१४ च्या ऑगस्टमध्यें उघड झालें, व ठिगळानें ती सोयच बंद केली. जेथें ठिगळ आधीं लागलें, तेथें ती सोय कोणत्याहि कार्यक्रमाच्या दृष्टीस पडलीच नाहीं. जेथें उशिरा लागलें, तेथें तिच्यावर विसंबून काम करीत असलेले कार्यक्रम पायाखालची फळी काढून घेतल्यासारखे कोसळले. दुरुस्ती तीच, परंतु वेळ चुकल्यानें तीच अपघाताचें कारण झाली!

शुद्धिपत्रांतहि चूक राहूं शकते, हेंहि सांगितलें पाहिजे. स्पेक्टर नांवाच्या दोषावर काढलेल्या ठिगळामुळें कांहीं संगणक आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागले, तेव्हां २२ जानेवारी २०१८ रोजीं इंटेलनेंच तें न लावण्याची सूचना दिली व मागाहून सुधारलेलीं ठिगळें काढलीं.

तथापि दिरंगाईचा तोटा त्याहून मोठा असूं शकतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षां अधिक विद्युद्दाब मागून स्वतःलाच झिजवीत होते. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर ठिगळें निघालीं. पण झालेली झीज कोणत्याहि ठिगळानें भरून येत नाहीं. कंपनीनें हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली, ती याचकरितां. असा संगणक ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं त्याचा बायोस अद्ययावत् आहे कीं नाहीं, हें जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावें. मात्र बायोस बदलतांना मध्येंच वीज जाणार नाहीं अशी तजवीज असावी, नाहींतर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

पडद्यावर "नवी दुरुस्ती आली आहे" अशी सूचना दिसतांच "उद्यां पाहूं" म्हणून ती बाजूस सारण्याची आपणां सर्वांस खोड असते. श्रोतेहो, शुद्धिपत्र पहिल्या पानापूर्वीं वाचावयाचें असतें, एवढें स्मरणांत ठेवावें, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.