अळिंबी खा, पण नीट समजून

पावसाळा लागला की आपल्या विदर्भात सात्यांची आठवण होते. वारुळाजवळ उगवणाऱ्या या रानअळिंबीची चव न्यारीच. शिवाय बटन आणि धिंगरी अळिंबी आता विकतही मिळते. धिंगरी तर सोयाबीनच्या, गव्हाच्या कुटारावर घरीही पिकवता येते. कोणी म्हणतं, हिच्यात मटणाची ताकद आहे. कोणी म्हणतं, हिनं रक्त वाढतं. यातलं खरं किती?

ताज्या अळिंबीत १०० ग्रॅममागे ९० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. पाव किलोतून साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तेवढी मूठभर तूरडाळीतही असतात. म्हणून अळिंबी आली तरी वरण बंद करू नका. भाकर, वरण आणि अळिंबीची भाजी, असं ताट चांगलं. तिच्यात ब गटातली जीवनसत्त्वं आणि तंतू असतात, तेल-मीठ कमी घातलं तर वजन, रक्तदाब सांभाळणाऱ्यांनाही चालते.

एक गोष्ट मात्र खास. अळिंबी चिरून दुपारच्या कडक उन्हात अर्धा तास ठेवली की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. हाडांना ते लागतंच. मग नेहमीसारखी भाजी करा.

रक्ताचं म्हणाल, तर महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. अळिंबीत लोह थोडंच असतं. तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नका. पालेभाजी, डाळ खा, वरून लिंबू पिळा.

आता रानातल्या अळिंबीबद्दल. विषारी छत्री दिसायला खाण्याच्या छत्रीसारखीच असू शकते. चांदीचं नाणं काळं पडतं का, किडे खातात का, या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. काही विषं शिजवूनही जात नाहीत. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि आत यकृत खराब होत राहतं. म्हणून शंका आली की लगेच दवाखाना गाठा, उरलेली अळिंबी सोबत न्या. पूर्ण ओळख नसेल, तर तोडूच नका.

आणि शेवटचं, मैत्रिणींनो. भाजी सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईत फक्त रस्सा उरतो, तो आपल्या वाट्याला येतो. यावेळी आपली वाटी आधीच बाजूला काढून ठेवा.