मोडलें तरी न उघडणारें कुलूप
(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईहून पुण्यास आगगाडीनें जाणाऱ्या बहुतेकांस कर्जत स्टेशन ठाऊक असतें. गाडी थांबते, बटाटेवड्यांच्या हाका सुरू होतात आणि तेवढ्या वेळांत गाडीच्या पाठीमागें जादा इंजिनें जोडलीं जातात. पुढची चढण ३७ फुटांस १ फूट अशी आहे. म्हणून पुष्कळशा गाड्यांना मागून रेटा द्यावा लागतो. हें सर्व आपण डोळ्यांनीं पाहतों. परंतु परतीच्या वाटेवर, गाडी घाट उतरत असतां, मंकी हिल किंवा ठाकूरवाडी अशा एकाद्या निर्जन ठिकाणीं ती कांहीं क्षण उभी राहते, त्याचें कारण फार थोड्यांस माहीत असतें. तेथें मुख्य रुळांपासून फुटून एक आडवा रूळ डोंगराच्या अंगावर चढत गेलेला असतो. त्यास कॅच सायडिंग म्हणतात. उतारावर गाडीचा ताबा सुटलाच, तर ती या चढावर जाऊन थकावी व थांबावी, अशी ही योजना आहे. सांधा नेहमीं या आडव्या रुळाकडेच लावून ठेवलेला असतो. गाडी उभी राहिली, ती ताब्यांत आहे अशी खात्री झाली, म्हणजे मगच सांधा फिरवून तिला कर्जतची वाट मोकळी करतात.

१८६३ सालीं हा घाट आगगाडीस खुला झाला. त्या काळापासून घाटानें शिकविलेला धडा असा, कीं कोणीं कांहींच केलें नाहीं, किंवा जें करावयाचें तें बिघडलें, तर गाडी आपोआप सुरक्षित वाटेस लागली पाहिजे. गाडीचे ब्रेकहि याच न्यायानें चालतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८७२ सालीं सिद्ध केलेल्या स्वयंचलित ब्रेकमध्यें नळींत हवेचा दाब आहे तोंवरच चाकें मोकळीं राहतात. नळी फुटली, डबा सुटला, दाब गेला, कीं ब्रेक लागलाच.

आतां आपण म्हणाल, संगणकावर बोलावयास आलेला हा गृहस्थ घाटांत कोठें शिरला? त्याचें कारण सांगतों. मी कर्जत तालुक्यांत राहतों, पोटासाठीं मुंबईच्या एका कचेरीच्या आज्ञावल्या लिहितों, आणि रिकाम्या वेळीं एका लहानशा मोफत आज्ञावलीची देखभाल करतों. ही आज्ञावली लिनक्सवर चालते. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं लिनस टॉरव्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिहिला. त्याचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास व सुधारावयास मोकळा आहे, आणि माझ्यासारखे हजारों हौशी लोक त्याच्या भोंवतालचीं लहानमोठीं कामें वांटून घेतात. माझ्या वांट्यास आलें आहे पडद्याचें कुलूप. आपण चहास उठलां, कीं तें संगणकाचा पडदा झांकतें, आणि पासवर्ड दिल्यावांचून कोणास खालचें कांहीं दिसूं देत नाहीं.

काम साधें वाटतें. पण त्यांत एक जुनी खोंच आहे. लिनक्सवरील पडद्याचा कारभार पुष्कळ वर्षें एक्स नांवाच्या व्यवस्थेनें चालविला. ती १९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें जन्मली. या व्यवस्थेंत कुलपाची अशी वेगळी जागाच नाहीं. कुलूप म्हणजे इतरांसारखीच एक आज्ञावली. ती सर्वांच्या वर एक मोठी खिडकी पसरते आणि कीबोर्ड व माउस आपल्या मुठींत धरते. दाराला कडी नाहीं, पण दारांत एक धट्टाकट्टा पहारेकरी उभा आहे, असा हा प्रकार आहे. पहारेकरी उभा आहे तोंवर कोणाची छाती होणार नाहीं. पण त्याला घेरी आली तर दार सताड उघडें! आज्ञावली कोसळली, कीं एक्स तिची खिडकी आवरून टाकतें आणि खालचें सगळें जसेंच्या तसें उघडें पडतें.

जेमी झाविन्स्की यांनीं १९९२ सालीं एक्सस्क्रीनसेव्हर ही आज्ञावली प्रसिद्ध केली. पहारेकऱ्याच्या अंगावर कमींत कमी ओझें असावें, असें ते वर्षानुवर्षें सांगत आले. कुलपांत सुंदर बटनें, घड्याळें, चित्रें घालावयाचीं म्हणजे परक्यानें लिहिलेला हजारों ओळींचा मजकूर आंत घ्यावयाचा, आणि त्यांतील एक ओळ चुकली तरी कुलूप गेलें. या म्हणण्याची प्रचीति जानेवारी २०२१ मध्यें लिनक्स मिंटच्या लोकांस आली. एका गृहस्थाच्या मुलांनीं घरच्या संगणकाचा खरा कीबोर्ड व पडद्यावर दिसणारा कीबोर्ड यांवर एकदमच बोटें बडविलीं, आणि कुलूप उघडलें! शोधाअंतीं दिसलें, कीं डोक्यावर रेघ असलेलें रोमन ‘ई’ हें अक्षर दाबतांच पडद्यावरचा कीबोर्ड कोसळे व आपल्याबरोबर कुलपासहि घेऊन जाई. मुलांना संगणकविद्येंतलें कांहींच ठाऊक नव्हतें. म्हणूनच ज्या किल्ल्या शहाणा मनुष्य दाबीत नाहीं, त्या त्यांनीं दाबल्या.

दुसऱ्याच्या चुकीची गोष्ट सांगणें सोपें आहे. आतां माझी सांगतों.

माझी मावसबहीण खालापूर तालुक्यांत दवाखाना चालविते. तिच्या लॅपटॉपवर मीं हौसेनें लिनक्स घालून दिलें, आणि त्यावर माझेंच कुलूप बसविलें. लॅपटॉपला एक मोठा पडदा जोडलेला असे. एका पावसाळ्यांत, दुपारीं दवाखाना भरलेला असतांना, ती रुग्णास तपासावयास आंतल्या खोलींत गेली. जातांना नेमानें तिनें कुलूप लावलें होतें. तेवढ्यांत वीज गेली. घाटाखालच्या पावसाळ्यांत त्याचें नवल कोणास वाटणार? लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहिला, मोठा पडदा मात्र विझला. थोड्या वेळानें वीज आली, पडदा उजळला, आणि त्यावर कुलूप नव्हतें. आदल्या रुग्ण बाईंचा कागद, त्यांच्या नांवासकट व दुखण्यासकट, बांकावर बसलेल्या सात-आठ लोकांसमोर उघडा होता.

रात्रीं ताईचा फोन आला. ती रागावली नव्हती. एवढेंच म्हणाली, “अरे, तुझें कुलूप दिवे गेल्यावर आपोआप उघडतें का रे?” मीं कारण विचारलें, तेव्हां तिनें सगळें सांगितलें. त्या बाई पुन्हां तिच्या दवाखान्यांत आल्या नाहींत. आतां त्या औषधासाठीं पनवेलपर्यंत जातात, असें पुढें कानावर आलें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. आणि त्याचें खरें कारण आपणांस सांगितलें पाहिजे. हा दोष मला ठाऊक होता. इतकेंच नव्हे, तर तीन आठवड्यांपूर्वींच मीं तो दुरुस्तहि केला होता!

दोष कसा होता तें थोडक्यांत सांगतों. संगणकास जितके पडदे जोडलेले असतील, तितक्यांची एक यादी कुलूप आपल्यापाशीं ठेवतें, आणि प्रत्येक पडद्यावर काय रंगवावयाचें याचे निरोप पुढच्या क्षणासाठीं तयार करून ठेवतें. पडदा निघून गेला, कीं माझी आज्ञावली त्याचें नांव यादींतून खोडीत असे. पण त्याच्या नांवें आधींच निघालेला निरोप परत बोलावीत नसे. पोस्टमन पत्र घेऊन निघाला आणि वाटेंतच तें घर पाडलें गेलें, असें समजा. माणूस असता तर रिकाम्या जागेकडे पाहून परत फिरला असता. यंत्र मात्र जेथें दार होतें तेथें पाऊल टाकतें आणि खड्ड्यांत पडतें.

असले दोष शोधणें कठीण, कारण ते दहांतून एकदां घडतात. यावर उपाय एकच, बिघाड पाहिजे तेव्हां घडवून आणतां आला पाहिजे. मीं कुलूप लावून पडद्याची तार उपटावी, पुन्हां खोंचावी, पुन्हां उपटावी, असा सपाटा लावला. अखेर तें कोसळलें. कोसळतेवेळीं आज्ञावलीच्या स्मृतींत काय काय होतें, याची नोंद संगणकास ठेवावयास सांगतां येते. ती पंचनाम्यासारखी वाचीत मागें गेलों, आणि तो अनाथ निरोप हातीं लागला. पडदा निघून जातांच त्याचा निरोपहि रद्द करावयाचा, एवढाच उपाय होता. चार ओळींत काम झालें.

मग या चार ओळी खालापुरास कां पोहोंचल्या नाहींत? कारण नवी आवृत्ति मीं काढलीच नव्हती. आवृत्ति काढावयाची म्हणजे क्रमांक बदला, काय सुधारलें त्याचें टिपण लिहा, सर्व चांचण्या चालवा, निरनिराळ्या यंत्रांसाठीं बांधणी करा, गठ्ठा बांधून त्यावर आपली सांकेतिक सही करा, तो योग्य जागीं ठेवा, आणि मग लोकांच्या संगणकांना तो मिळतो. एवढें सगळें मी हातानें करीत असें. त्यांत एक संध्याकाळ जाई आणि एकादें पाऊल हटकून चुके. म्हणून कंटाळा येई. “रविवारीं करूं,” असें मीं स्वतःस तीन रविवार सांगितलें. दोष माझ्या घरीं दुरुस्त झालेला होता आणि दवाखान्यांत जिवंत होता.

ताईच्या फोननंतर मीं पहिलें काम केलें तें हें, कीं ही सगळी पावलें एका यादींत लिहून यंत्राच्या हवालीं केलीं. आतां मी मूळ मजकुरावर नव्या क्रमांकाची खूण तेवढी करतों. ती दिसतांच यंत्र कोऱ्या जागेवर बांधणी सुरू करतें, चांचण्या घेतें, खोटे पडदे जोडून शंभर वेळां तोडतें, आणि सर्व ठीक उतरलें तरच गठ्ठा बाहेर पाठवितें. एक पाऊल जरी चुकलें तरी कांहींच बाहेर जात नाहीं. घाटांतला सांधा मीं येथेंहि तसाच लावून ठेवला आहे.

मात्र यंत्रावर सोंपविलें म्हणजे डोळे मिटावे असें नाहीं. मार्च २०२४ मध्यें उघडकीस आलेली एक्सझेड या आज्ञावलीची हकीकत बोलकी आहे. तिच्या देखभालींत शिरलेल्या एका अज्ञातानें जगभरच्या लिनक्स संगणकांत चोरवाट पाडण्याचा घाट घातला होता. त्या कारस्थानाचा एक महत्त्वाचा भाग सर्वांस दिसणाऱ्या मूळ मजकुरांत नव्हताच. तो वांटावयाच्या गठ्ठ्यांत तेवढा होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकावर प्रवेश करतांना अर्धा सेकंद उशीर होतो असें वाटलें, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो मुळाशीं पोहोंचला. गठ्ठा उघड्या मजकुरावरूनच बांधला गेला आहे, हें कोणासहि ताडून पाहतां आलें पाहिजे, हा त्याचा बोध. म्हणून माझ्या यंत्राची यादीहि मूळ मजकुराशेजारीं सर्वांसाठीं उघडी ठेवली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. पहारेकऱ्यास घेरीच येऊं नये अशी तरतूद कितीहि केली, तरी दाराला कडी हवीच. वेलँड या नव्या व्यवस्थेंत २०२२ सालीं तसा नियम झाला. आतां पडद्याचा कारभारी स्वतःच सर्व कांहीं झांकून ठेवतो. कुलपानें “उघडा” असें स्पष्ट सांगितलें तरच उघडतो. कुलूप मध्येंच कोसळलें, तर कारभाऱ्यानें तें उघडण्याचा इशारा समजावयाचें नाहीं, पडदा झांकलेलाच ठेवावयाचा. माझें कुलूपहि मीं आतां याच रीतीवर आणलें आहे. तरीपण कोसळणें क्षम्य झालें असें मात्र समजूं नये. पूर्वीं परक्यास आंत घेणारें कुलूप आतां मालकासच बाहेर ठेवतें, आणि त्याचें अर्धें लिहिलेलें पत्र आंत अडकतें. कॅच सायडिंगवर चढलेली गाडी वांचते खरी, पण उतारू तेथेंच अडकून पडतात.

श्रोतेहो, आपल्या घरीं किंवा कचेरींत संगणक असेल, तर दोन गोष्टी अवश्य करा. कुलूप लावून जोडलेल्या पडद्याची तार एकदां काढून पुन्हां घाला, आणि काय दिसतें तें पाहा. दुसरी गोष्ट, नवी आवृत्ति आल्याची सूचना दिसली तर ती “उद्यां पाहूं” म्हणून बाजूस सारूं नका. ती कोणीतरी आपल्यासाठीं काढलेली असते. आणि कधीं कधीं ती काढणाऱ्यासहि तीन रविवार उशीर झालेला असतो.

ताईच्या दवाखान्यांत आतां नवें कुलूप आहे. गेल्या पावसाळ्यांत तेथें वीज पुष्कळ वेळां गेली. पडदा उजळला, कीं त्यावर पासवर्डाची रिकामी चौकट असते. ताई रुग्णांकडे पाठ करून आधीं पासवर्ड देते आणि मग पुढच्या रुग्णास हांक मारते. पनवेलास जाणाऱ्या त्या बाई मात्र अजून परत आलेल्या नाहींत.