फाईल कोंबडीसारखी का वागते?

आजचा विषय एकदम घरचा. पेनड्राइव्हमध्ये डेटा टाकताना कॉम्प्युटर असा येड्यासारखा का वागतो?

पहिली तक्रार. २ जीबीचा एक पिक्चर भरकन जातो, पण २ जीबीच्याच हजारो बारक्या फाईली रांगत जातात. आता आपला काष्टीचा जनावरांचा बाजार आठवा. एक बैलजोडी टेम्पोत चढवली, एक पावती फाडली, गाडी सुटली. समजा तेवढ्याच वजनाच्या कोंबड्या न्यायच्यात आणि प्रत्येक कोंबडीची पावती वेगळी! वेळ कोंबडीला नाही लागत, पावतीला लागतो. प्रत्येक फाईलचं नाव, जागा, तारीख पेनड्राइव्हच्या वहीत नोंदवावी लागते. उपाय सोपाय. सगळ्यांची मिळून एक झिप फाईल करा. कोंबड्या एका खुराड्यात, पावती एकच.

दुसरी तक्रार. '२ मिनिटं बाकी' म्हणतो आणि मग '४० मिनिटं'! तो खोटं बोलत नाही हो, आत्ताचा वेग बघून अंदाज लावतो. दौंडला निघालेला गडी मोकळ्या रस्त्यावर फोनवर सांगतो, "आलोच!" पुढं उसाची ट्रॉली आडवी आली की तोच म्हणतो, "तुम्ही जेवून घ्या."

तिसरी गंमत. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की ५० जीबीसुद्धा क्षणात हलतात. खरं तर काहीच हलत नाही. जमीन जागेवरच, फक्त सातबाऱ्यावरची नोंद बदलली. तीही तलाठ्याकडं हेलपाटे न मारता! दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचं म्हटलं तर मात्र अख्खी माती वाहून न्यावी लागते.

आता जरा सिरियस. १०० टक्के दिसलं म्हणजे काम झालंच असं नाही. कधीकधी कॉम्प्युटर डेटा आधी आपल्या मेमरीत घेतो आणि पेनड्राइव्हवर मागून सावकाश लिहितो. म्हणजे पावती फाटली, पण बैल अजून टेम्पोत चढतोय. तेवढ्यात तुम्ही पेनड्राइव्ह उपटला की फाईल अर्धवट. आणि त्याच घाईत कॅमेऱ्याचं कार्डही पुसलं, तर बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले ना राव! लग्न काय परत लावणार?

म्हणून आधी 'इजेक्ट' करा. पेनड्राइव्ह परत लावून चार-पाच फोटो उघडून बघा, संख्या जुळते का तेही बघा. दुसरी एक कॉपी कुठंतरी ठेवा. कार्ड पुसायचं ते त्यानंतरच.

तुमचा कॉम्प्युटर आणखी काय नखरे करतो, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!