विजेच्या गाडीचे ओतीव घर



आमचे शिक्षण भट्टीपुढे झाले. पुस्तके वाचली ती रात्रपाळी संपल्यावर. तेव्हा विद्वानाचे भाषण आमच्याकडून अपेक्षू नये. परंतु देवळी, आर्वी, हिंगणघाटकडची आपली मुले आय. टी. आय. करून चाकण-वाळूजकडे जातात. ती तेथे काय ओततात, हे वडिलधाऱ्यांना ठाऊक असावे, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

चाकणला महिंद्रांच्या आणि रांजणगावला टाटांच्या विजेच्या गाड्या तयार होतात. धूर नाही म्हणजे उष्णता नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. १०० किलोवॅटच्या मोटरीत शेकडा ५ शक्ती वाया गेली, तरी एका डब्यात हजार वॅटच्या पाच शेगड्या पेटविल्यासारखे होते. उष्णता साचली की तारेवरचे वेष्टण जळते, चुंबकाचे बळ उतरते. म्हणून अशा मोटरीला ॲल्युमिनियमचे घर करतात आणि त्याच्या भिंतीतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवितात. हा धातू लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा, आणि उष्णता चटकन वाहून नेणारा.

भिंतीच्या आत पोकळ वाट ठेवायची कशी? आपला ओतारी पोकळ वस्तू ओतताना आत मातीचा गाभा ठेवी, तीच ही युक्ती. राळेने बांधलेल्या वाळूचा गाभा साच्यात बसवितात, सुमारे ७०० अंशांचा रस हलक्या दाबाने खालून चढवितात, आणि धातू गोठला की वाळू झाडून काढतात. काही ठिकाणी दोन भाग वेगळे ओतून मग जोडतात.

खरी अडचण पुढेच आहे. वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन पिते आणि गोठताना तो ओकते. त्याचे बारीक बुडबुडे भिंतीत अडकतात. शिवाय गोठताना धातू शेकडा ५-६ आकसतो. तेथे रस कमी पडला की छिद्र राहते. म्हणून रसातून नायट्रोजन किंवा अरगॉन सोडून हायड्रोजन काढतात, धातूच्या विटा आणि अवजारे शेकून कोरडी करतात. पावसाळ्यात ही काळजी दुप्पट. शेवटी घरात हवा भरून, सायकलच्या ट्यूबप्रमाणे, गळती पाहतात.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम करीत होतो. नग गळका निघाला की भट्टीवाल्याचा भत्ता कापला जाई. त्या भत्त्यासाठी आम्ही आठवडाभर भांडत होतो, आणि विटा बाहेर पावसात भिजत पडल्या होत्या. एका कंत्राटी मुलाने ओली वीट रसात टाकण्यास नकार दिला. त्याला घरी पाठविले. दुसऱ्याने टाकली. रसात बुडालेल्या पाण्याची वाफ क्षणात हजारपटीहून अधिक फुगते. रस उसळला आणि त्या पोराचा हात खांद्यापर्यंत भाजला. भत्ता आम्ही पुढे मिळविला; पण विटांवर चार पत्र्यांचे छप्पर आम्ही वेळेवर मागितले नव्हते. हा दोष मालकाचा होता, तसा आमचाही होता.

तेव्हापासून आम्ही एवढे शिकलो की, जो ओलावा नग गळका करतो, तोच माणसाला भाजतो. चांगला माल आणि सुरक्षित कामगार या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. 'वीट ओली आहे, टाकणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार भट्टीपुढच्या माणसाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, असला पाहिजे. आणि ते म्हटल्याबद्दल त्याची रोजी जाता कामा नये.

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये याच वर्ध्यात स्थापन झाला. अवजाराबरोबर ते धरणाऱ्या हाताचीही विचारपूस करावी, हे या गावाला नव्याने सांगायला नको. मुलगा दिवाळीला घरी आला, की पगार किती हे विचाराच. पण भट्टीपुढे 'थांबा' म्हणता येते का, हेही विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला आमच्याकडे पाठवा.